पाठीवरची चूल: लाकडावर चालणारा छोटा स्टोव्ह निवडायचा कसा, बनवायचा कसा आणि त्यावर नीट जेवण करायचं कसं

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. छोट्या लाकडी स्टोव्हवर धूर फार होतो, जाळ मध्येच बसतो, भात कच्चा राहतो अशा ज्या तक्रारी ऐकू येतात ना, त्यात बहुतेक वेळा स्टोव्ह ठीकच असतो, जळण चुकीचं असतं. गावाकडच्या चुलीत मनगटाएवढं, जरा ओलसर लाकूड पण कसंबसं जळून जातं, कारण चूल मोठी असते, तिची माती तापलेली असते, आत निखारे पडलेले असतात आणि त्या धगीनेच लाकडाची ओल उडते. तांब्याएवढ्या स्टोव्हमध्ये असली धग साठायला जागाच नाही. तिथे खडखडीत सुकं, बोटाएवढ्या जाडीचं आणि एकसारखं तोडलेलं जळणच लागतं, आणि ते पेटवायच्या आधीच हाताशी तयार लागतं. हे एवढं जमलं की पाचशे रुपयाचा स्टोव्ह काय आणि पाच हजाराचा काय, दोन्हीवर फक्कड चहा होतो.

आता कुणी विचारेल की गॅसचा छोटा बर्नर मिळतो की, मग हे कशाला. मिळतो, आणि चांगला पण असतो. पण गॅसचे कॅन रेल्वेतून न्यायला बंदी आहे, तालुक्याच्या गावात ते विकत मिळत नाहीत, आणि संपलेला कॅन परत घेऊन यायचा असतो ते बरेच जण करत नाहीत. लाकडाचा स्टोव्ह नुसता पत्र्याचा डबा, तो ट्रेनमध्ये न्या, एसटीत न्या, काही प्रश्न नाही. शेतावर, नदीकाठी, हुरड्याला, मित्राच्या वाडीत दोन दिवस राहायला गेलो तर त्याच्याइतकं सोयीचं काही नाही.

आत नक्की काय जळतं

हे समजून घ्या, मग बाकीचं सगळं आपोआप कळतं. लाकूड तापलं की त्यातून गॅस सुटतात, आपल्याला जो जाळ दिसतो तो त्या गॅसचा. सुक्या लाकडाचं साधारण तीन चतुर्थांश वजन असं गॅस होऊन निघून जातं आणि उरतो तो कोळसा, तो नंतर लाल होऊन सावकाश जळतो. धूर म्हणजे जळायच्या आधीच निसटलेला गॅस. म्हणजे धूर दिसतोय याचा अर्थ तुमचं इंधनच डोळ्यात जाऊन वाया चाललंय. तो जळण्यासाठी दोन गोष्टी पाहिजेत, पुरेशी उष्णता आणि जाळाच्या वरच्या बाजूला मिळणारी ताजी हवा.

डबल वॉल स्टोव्ह, ज्याला गॅसिफायर पण म्हणतात, त्यात हेच केलेलं असतं. आत एक डबा, बाहेर एक डबा, मध्ये फट. थोडी हवा खालच्या जाळीतून थेट जळणात जाते आणि बाकीची दोन डब्यांच्या मधल्या फटीतून वर चढता चढता तापते आणि आतल्या डब्याच्या काठाजवळ जी भोकं असतात तिथून जाळात घुसते. तिथे तो निसटू पाहणारा गॅस पेटतो आणि भोकाभोकातून जाळाच्या जिभा आत येताना दिसतात, अगदी गॅसच्या बर्नरसारख्या. अमेरिकेत टॉम रीड यांनी १९८० च्या दशकात वरून पेटवायच्या गॅसिफायर स्टोव्हवर मूलभूत काम केलं. त्याच दशकात तिकडेच लॅरी विनियार्स्की यांनी रॉकेट स्टोव्ह, म्हणजे बाजूने लांब लाकूड सरकवत जाळायचा स्टोव्ह, आणला. आणि आपल्याकडे पुण्याची आरती संस्था, डॉ. आनंद कर्व्यांची, तिने सुधारित चुलींवर वर्षानुवर्षं काम केलंय, त्यांचा 'संपदा' नावाचा गॅसिफायर स्टोव्ह असा होता की स्वयंपाक झाल्यावर खाली कोळसा शिल्लक राहायचा, तो वेगळा वापरता यायचा. उसाच्या पाचटापासून कोळसा करायच्या कामासाठी याच संस्थेला २००२ साली लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला होता. मला या माणसांबद्दल खूप आदर आहे, कारण चुलीचा धूर कमी करणं हे काम दिसायला साधं आणि करायला फार अवघड आहे.

कुठला घ्यायचा

घडीचा चौकोनी स्टोव्ह म्हणजे चार-पाच पत्रे एकमेकात अडकवायचे, काम झालं की वहीसारखा सपाट होऊन बॅगेत. हलका असतो, बाजूने लांब काडी घालता येते, पण भिंत एकेरी असल्याने धूर थोडा जास्त आणि वाऱ्यात त्रास. एकट्या माणसाला चहा आणि नूडल्ससाठी उत्तम. डबल वॉल गोल स्टोव्ह दोन-तीन माणसांना बरा, धूर कमी, जळण कमी, वजन साधारण २५० ते ४०० ग्रॅम, बहुतेक मॉडेल भांड्याच्या पोटात बसतात. छोटा पंखा असलेला पण मिळतो, बॅटरीवर किंवा यूएसबीवर, जाळ जबरदस्त देतो पण चार्जिंग संपलं की मामला थंड, म्हणून गाडीने जाणार असाल तरच घ्या म्हणेन. रॉकेट स्टोव्ह जड असतो, पाठीवर न्यायचं काम नाही, पण शेतावर पाच-सहा जणांचं जेवण करायचं तर तोच, कारण त्यात लांब लाकूड बाजूने सरकवत राहायचं एवढंच काम असतं आणि पाच लिटरचं पातेलं त्यावर हलत नाही.

दुकानात किंवा ऑनलाइन बघताना चकचकीत फोटोपेक्षा हे बघा. भांडं ठेवल्यावर काडी आत टाकायला खिडकी आहे का, नसेल तर प्रत्येक वेळी उकळतं पातेलं उचलावं लागेल आणि ते धोक्याचं आहे. भांडं आणि स्टोव्हचा काठ यात तीन-चार सेंटीमीटर फट राहते का, कारण पातेलं काठावर चिकटून बसलं की जाळ गुदमरतो. तळ जमिनीपासून उचललेला आहे का. आणि स्टेनलेस स्टील आहे का, साधा पत्रा वरून रंग दिलेला असेल तर सोडून द्या. टायटॅनियमचा फार हलका असतो, पण किंमत बघता रोज पाठीवर वीस किलो घेऊन चालणाऱ्यालाच तो परवडतो.

घरी बनवायचा असेल तर

हे मी मनापासून सुचवतो, कारण एकदा हाताने बनवला की हवा कुठून येते कुठून जाते ते डोक्यात पक्कं बसतं. आतल्या डब्यासाठी रसगुल्ल्याचा एक किलोचा डबा घ्या, तो साधारण १० सेंटीमीटर रुंद आणि १२ उंच असतो. बाहेरच्यासाठी दूध पावडरचा वगैरे मोठा डबा, १३ सेंटीमीटर रुंद आणि १५ ते १८ उंच, पत्र्याचं झाकण असलेला. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा अजिबात वापरू नका, तो तापला की जस्ताची वाफ निघते आणि ती श्वासात गेली की ताप भरतो. जुना रंगाचा डबा पण नको.

मोठा डबा उलटा धरा, म्हणजे झाकण खाली आणि बूड वर. बुडावर आतला डबा ठेवून पेन्सिलने गोल काढा आणि त्या रेषेच्या किंचित आतून कापा, इतकं की आतला डबा सरकून जाईल पण त्याचा काठ वर अडकेल. कापायला पत्र्याची कात्री लागते, सुरुवातीचं भोक ड्रिलने किंवा खिळ्याने करा. हातात जाड मोजे पाहिजेतच, पत्र्याची धार ब्लेडसारखी लागते, आणि कापून झालं की कानशीने सगळ्या कडा घासून घ्या. आता आतल्या डब्याच्या बुडाला ५-६ मिलिमीटरची पंचवीस-तीस भोकं पाडा, ही झाली जाळी. त्याच डब्याला वरच्या काठाखाली साधारण दीड सेंटीमीटरवर गोल एका ओळीत तेवढ्याच मापाची पंधरा-सोळा भोकं. बाहेरच्या डब्याला अगदी खालच्या बाजूला, झाकणाच्या जरा वर, १२ मिलिमीटरची बारा भोकं. मी ही मापं अशी का देतोय, तर बाहेरून जेवढी हवा आत येते तेवढीच आतल्या सगळ्या भोकांना मिळून लागते, बाहेरची भोकं कमी पडली की वरच्या ओळीला हवा पुरत नाही आणि धूर सुरू होतो.

वरच्या स्टँडसाठी कुठलाही बुटका डबा, पाच-सहा सेंटीमीटर उंच, दोन्ही बाजूंनी उघडा केलेला, एका बाजूला काडी घालायला चार-पाच सेंटीमीटरची खिडकी कापायची आणि वरच्या काठाला भरपूर खाचा द्यायच्या म्हणजे पातेलं ठेवल्यावर पण जाळ-धूर बाहेर पडायला वाट राहते. झालं. पहिल्यांदा मोकळ्या जागेत रिकामाच, भांडं न ठेवता, पूर्ण भरून जाळून काढा, डब्यावरचा रंग आणि आतला लॅकर जळून जाऊ दे, त्याच्या धुरापासून लांब उभे राहा, आणि असं दोनदा केल्यावरच स्वयंपाकाला घ्या. पत्रा पातळ असतो त्यामुळे हा स्टोव्ह एखाद-दोन सीझन चालतो, मग जाळी गळून पडते, तेव्हा आतला डबा बदलायचा.

जळण, आणि परत जळण

घरून नेलेलं जळण सगळ्यात चांगलं. ही गोष्ट बऱ्याच जणांना पटत नाही, जंगलात जातोय आणि लाकूड घरून न्यायचं का, पण मी कारण पुढे सांगतो. आधी किती लागतं त्याचा हिशोब बघा. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळायला साधारण ३१४ किलोज्यूल उष्णता लागते. वाऱ्यावर सुकलेल्या लाकडात किलोमागे १५-१६ मेगाज्यूल असतात. छोटा स्टोव्ह त्यातला पाचवा हिस्सा जरी भांड्यापर्यंत पोचवतो असं धरलं तरी एका लिटरला १०० ग्रॅम लाकूड पुरतं, वारा-बिरा धरून १५० म्हणा. दोन माणसांचा संध्याकाळचा चहा, खिचडी आणि सकाळचा चहा मिळून पाऊण किलो जळणात आरामात बसतं. पाऊण किलो म्हणजे एक पाण्याची बाटली पण नाही, कापडी पिशवीत भरा आणि बॅगेत टाका.

लाकूड कुठलं, तर बाभूळ आणि वेडी बाभूळ, सुबाभूळ, आंब्याच्या सुक्या फांद्या, पेरूच्या छाटणीच्या काड्या हे सगळं छान जळतं. बाभळीचा निखारा टिकतो, म्हणून खिचडीला ती पाहिजे. विदर्भ-मराठवाड्यात असाल तर तुराट्या आणि पऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या आणि कापसाच्या वाळलेल्या काड्या, यांचा जाळ झपकन मोठा होतो पण निखारा राहत नाही, म्हणून चहाला एकदम बेस्ट आणि लांबच्या शिजवणीला त्यात बाभूळ मिसळा. कोकणात करवंटी. करवंटीचे चार तुकडे म्हणजे प्रचंड धग, पण नुसती करवंटी भरू नका, जाळ आवरत नाही, तीन वाटे लाकूड एक वाटा करवंटी ठीक. गोवरीचा धूर छोट्या स्टोव्हला सहन होत नाही. हिमालयात गेलात तर चीडच्या लाकडाला राळ असते, ती पटकन पेटते पण भांड्यावर काळाकुट्ट डांबरासारखा थर बसतो.

काही झाडांपासून लांबच राहा. कण्हेर विषारी, तिच्या काड्या जाळू नका आणि ढवळायला तर नकोच नको. शेर आणि बाकी चिकाची निवडुंगं नकोत. बिब्ब्याच्या लाकडाने आणि फळाने अंगावर उततं. काजू बियांची टरफलं पण नको, त्यात जे तेल असतं ते कातडी भाजवतं आणि त्याचा धूर डोळ्यांना वाईट. प्लाय, सनमायका लावलेली फळी, रंगवलेलं फर्निचर, हे जाळून त्यावर अन्न शिजवू नये.

सुकलंय का ते ओळखायचं सोपं आहे, काडी मोडताना कट् आवाज करून तुटली तर सुकी, वाकून साल लोंबकळत राहिली तर ओली. दोन तुकडे एकमेकांवर आपटा, खणखणीत वाजले पाहिजेत. तुकडे सहा-सात सेंटीमीटर लांब, म्हणजे आतल्या डब्यात उभे मावतील आणि वरच्या भोकांच्या खाली राहतील एवढे. जाडी तीन प्रकारची करा. काडेपेटीच्या काडीएवढ्या ढलप्या एक मूठ, पेन्सिलीएवढे तुकडे दोन मुठी आणि बाकी अंगठ्याएवढे. जाडजूड लाकूड असेल तर कोयत्याने उभं चिरा, चिरलेलं लाकूड गोल काडीपेक्षा लवकर पेटतं कारण साल आडवी येत नाही.

पेटवायचं वरून

आपल्याला सवय असते खाली कागद, वर काड्या, त्यावर लाकूड आणि खालून काडी लावायची. डबल वॉल स्टोव्हमध्ये उलटं करायचं. खालून पेटवलं की वरचं सगळं गार लाकूड एकदम तापून धूर सोडायला लागतं आणि तो पेटवायला वर जाळ नसतो. वरून पेटवलं की आग हळूहळू खाली उतरते आणि खालून निघणारा प्रत्येक गॅस जाळातूनच वर जातो, म्हणून धूर दिसत नाही.

अंगठ्याएवढे तुकडे तळाला उभे लावा, जरा घट्ट पण हवा जाईल इतपत सैल. त्यावर पेन्सिलीएवढे आडवे-उभे. एकूण ढीग वरच्या भोकांच्या ओळीखाली एक बोट राहिला पाहिजे, त्याच्या वर गेलात तर ती भोकं झाकली जातात आणि डबल वॉल असल्याचा काही उपयोगच राहत नाही. वर ढलप्यांचा छोटा घुमट, त्यात मधोमध कापराच्या दोन वड्या. कापूर ही आपल्या घरातली काय अप्रतिम वस्तू आहे, हलका, ओल्या हवेत पण पेटतो, वाऱ्यात सहज विझत नाही. नारळाच्या शेंडीचे केस पण छान. काडी लावा आणि थांबा. इथे घाई करायची नाही, तीन ते पाच मिनिटं भांडं ठेवू नका. आधी ढलप्या जळतील, मग पेन्सिल काड्या धरतील, मग वरच्या भोकांतून जाळ आत येताना दिसेल. तो दिसला की भांडं ठेवायचं. एकदा भरलेला स्टोव्ह लाकडानुसार पंधरा-वीस मिनिटं चालतो. त्यानंतर निखाऱ्यावर खिडकीतून दोन-तीन काड्या, त्या धरल्या की परत दोन-तीन. मूठभर एकदम टाकल्या की धूर झालाच म्हणून समजा.

पेट्रोल, थिनर, सॅनिटायझर ओतू नका. सॅनिटायझरचा जाळ दिवसा उजेडात जवळजवळ दिसत नाही, विझलाय समजून माणूस परत ओततो आणि बाटलीच हातात पेट घेते.

वाऱ्यासाठी तीन बाजूंनी आडोसा करा, दगडांचा किंवा पत्र्याचा, स्टोव्हपासून वीतभर लांब. अगदी चिकटून चारी बाजूंनी झाकलं तर हवाच मिळत नाही. खिंडीत किंवा उघड्या पठारावर वारा फार असेल तर पन्नास पावलं चालून उताराच्या आड बसा, त्याचा जितका फायदा होतो तितका कुठल्याच आडोशाचा होत नाही.

खिचडी, पहिल्यापासून शेवटपर्यंत

भांडं पातळ पत्र्याचं, पसरट आणि झाकण असलेलं, दोघातिघांना दीड-दोन लिटरचं. प्रेशर कुकर छोट्या स्टोव्हवर ठेवू नका, जड आणि उंच असतो, कलंडला तर उकळतं अन्न अंगावर येतं. भांड्याच्या बाहेरून भांडी घासायच्या साबणाचा किंवा राख-मातीच्या चिखलाचा पातळ लेप द्या, आपल्या आज्या द्यायच्या तसाच, काजळी लेपावर बसते आणि नुसत्या पाण्याने निघून जाते.

एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, धुऊन अर्धा तास भिजत ठेवा. ही भिजवणी सोडू नका, बरंच जळण इथेच वाचतं. कांदा, मिरची, लसूण चिरून, हळद-तिखट-मीठ एका डबीत मिसळून, साडेचार वाट्या पाणी मोजून, सगळं स्टोव्हच्या उजव्या हाताला मांडून मगच पेटवा, कारण या स्टोव्हला बारीक करायचं बटण नाही, फोडणी जळायला लागली की तुम्हाला भांडं उचलण्याशिवाय दुसरा मार्ग नसतो. जाळ सुरुवातीचा जरा बसला की तेल, मोहरी, जिरं, हिंग, लसूण, कांदा. सांडशी हातातच ठेवा. कांदा परतला की मसाला, लगेच निथळलेले डाळ-तांदूळ, दोन मिनिटं हलवून पाणी ओता आणि झाकण लावा. आता जाळ मोठा पाहिजे, दर दोन-तीन मिनिटांनी बाभळीच्या दोन काड्या. खळखळून उकळी आली की सात-आठ मिनिटं तशीच ठेवा, एकदा तळापासून ढवळा, मग लाकूड टाकणं बंद. निखाऱ्यावर पाच-सात मिनिटं. मग भांडं उतरवून जाड टॉवेलात किंवा घोंगडीत गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं विसरून जा. आतल्या उष्णतेवरच खिचडी मऊ होते, करपत नाही, आणि तेवढ्यात त्याच निखाऱ्यावर पापड किंवा सुके बोंबील भाजून घ्या. सुके बोंबील निखाऱ्यावर भाजलेले आणि गरम खिचडी, याच्यापुढे मला काही सुचत नाही.

उंचीचं एक लक्षात ठेवा. कळसूबाई १६४६ मीटर, तिथे पाणी साधारण ९४-९५ अंशांनाच उकळतं, हिमालयात ३५०० मीटरवर ८८ च्या आसपास. म्हणून वर मूगडाळ, मसूर, पोहे, पिठलं, उपमा हे न्या. राजमा, छोले, तूरडाळ अशा स्टोव्हवर शिजवत बसलात तर जळण संपेल आणि डाळ दाताखाली येईल.

भाकरीबद्दल खरं सांगायचं तर जमते, पण जाळ मधोमध येत असल्यामुळे तवा सारखा फिरवावा लागतो आणि एका वेळी एकच, चौघांच्या भाकऱ्या करेपर्यंत रात्र होते. पायथ्याच्या गावात घरी सांगितलं की पैसे देऊन भाकऱ्या करून मिळतात, त्या घ्या, त्यांना चार पैसे मिळतात आणि आपण वर फक्त पिठलं करायचं.

पावसात

जळण प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, काडेपेटी आणि कापूर वेगळ्या डबीत, लायटर एक जास्तीचा. स्टोव्ह सपाट दगडावर ठेवा, ओल्या मातीवर खालची भोकं बुजतात. बाहेरून भिजलेलं लाकूड आतून सुकं असू शकतं, साल काढून उभं चिरलं की आतला भाग मिळतो. कापसाला तूप किंवा व्हॅसलीन चोळून छोट्या वाती करून न्या, त्या कापरापेक्षा जास्त वेळ जळतात. पण छत्री किंवा ताडपत्री खूप खाली धरून त्याखाली पेटवू नका, आणि तंबूच्या आत तर कधीच नाही. निखारे दिसायला शांत दिसतात पण कार्बन मोनॉक्साइड सोडत असतात, त्याला वास नसतो, आणि बंद तंबूत झोपेतच माणूस जातो. ऊब यावी म्हणून विझत आलेला स्टोव्ह आत घेणं हा यातला सगळ्यात वाईट प्रकार.

कुठे पेटवायचा नाही

इथे मी जरा कडक बोलणार आहे. सह्याद्रीतलं गवत जानेवारीपासूनच वाळायला लागतं आणि पहिला पाऊस पडेपर्यंत अख्खे डोंगर पेटायला एक ठिणगी पुरते. दरवर्षी वणवे लागतात, वनखातं जाळरेषा, म्हणजे गवत आधीच जाळून मोकळे केलेले पट्टे, काढून ठेवतं, गावातली पोरं फांद्या घेऊन रात्ररात्र आग विझवतात. त्यात पक्ष्यांची घरटी, सरपटणारे जीव, नवी रोपं सगळं जातं. म्हणून फेब्रुवारी ते मे गवताळ डोंगरावर उघड्या जाळाचा कुठलाच स्टोव्ह नाही, कितीही छोटा असला तरी नाही. त्या दिवसांत तो शेतावर, अंगणात, नदीच्या कोरड्या वाळूत वापरा.

राखीव वनात आग पेटवण्यावर १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बंधन आहे आणि अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना, कर्नाळा ही सगळी अभयारण्यं आहेत. जायच्या आधी वनखात्याच्या चौकीवर विचारा, नाही म्हणाले तर नाही. लाकूड घरून न्या म्हणालो ते यासाठीच, पडलेलं सुकं लाकूड सुद्धा तिथल्या किड्यांचं, बुरशीचं, मातीचं असतं, आणि गर्दीच्या किल्ल्यांवर आता पायवाटेच्या आसपास काडी उरलेली नाही.

किल्ल्यावरच्या लेण्यात, गुहेत, मंदिरात, दरवाजाच्या देवड्यांत पेटवू नका. संरक्षित स्मारकात स्वयंपाकाला बंदी आहे, आणि ती नसती तरी दगडावर बसलेली काजळी निघत नाही. २०२५ च्या जुलैमध्ये राजगड, रायगड, लोहगड, शिवनेरी, साल्हेर धरून बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले अकरा आपल्या महाराष्ट्रातले आहेत. तिथे कोपऱ्यात काळा डाग सोडून येणं कुणालाच शोभत नाही.

आणि आग्या मोहोळ. कड्यावर, बुरुजावर, मोठ्या झाडावर पोळं दिसलं तर त्याच्या खाली किंवा वाऱ्याने धूर त्याच्याकडे जाईल अशा जागी स्टोव्ह लावूच नका. धुराने माश्या उठल्या की पळायला जागा नसते आणि त्यात लोकांचे जीव गेलेले आहेत. जागा निवडताना आधी वर बघायचं, मग खाली.

खाली बघताना उघडा कातळ किंवा माती शोधा, चारी बाजूंनी पाच फुटांतलं गवत-पाचोळा हाताने बाजूला करा, आणि दोन लिटर पाणी शेजारी ठेवा, ते प्यायचं नाही. नदीतून काढलेला ओला गोटा स्टोव्हखाली नको, आतलं पाणी तापून तो फुटू शकतो.

विझवणं आणि आवरणं

जेवायला बसायच्या आधी स्टोव्हमध्ये काही टाकणं बंद करा म्हणजे जेवण होईपर्यंत बरंचसं जळून जातं. तापलेल्या स्टोव्हमध्ये पाणी ओतू नका, पत्रा वाकडा होतो आणि वेल्डिंग सुटतं. निखारे कातळावर ओता, वरून पाणी घाला, काडीने ढवळा, परत पाणी घाला. मग हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघा, गरम वाटलं तर अजून पाणी. राखेत झाकलेला निखारा तासाभराने पण जिवंत असतो, म्हणून नुसती माती टाकून निघून जायचं नाही. गार झालेली राख आणि कोळसा पिशवीत भरून घरी आणा, कुंडीत चालते.

स्टोव्ह गार झाला की आतली डांबरट काजळी सुक्या राखेने आणि काथ्याने घासा, साबणाची गरज नाही, बाहेरची निळसर-तपकिरी झाक जात नाही आणि घालवायची पण नाही. वरच्या भोकांत मात्र काडी फिरवून घ्या, तिथे काजळी साठली की पुढच्या वेळी धूर होतो. घरच्या डब्याचा स्टोव्ह असेल तर पूर्ण कोरडा करून आतून तेलाचं बोट फिरवा, जुन्या कापडी पिशवीत घाला, आणि त्याच पिशवीत पुढच्या वेळच्या ढलप्यांची मूठ आणि कापराची डबी आत्ताच टाकून ठेवा.